दगडावरचं नाव

लॅटव्हिया, २५ जून १९९२

चि. सौ. वैजयंतीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही सुखरूप पोचलो. तुला न कळवता निघाले, कारण तू अडवलं असतंस आणि मी ऐकलं असतं. रिटायर झाल्यापासून नॉटिंगहॅमच्या घरात माझा पाय ठरत नाही, आणि शेजारच्या वेल्टाला अठ्ठेचाळीस वर्षांनी स्वतःच्या देशात एकटीनं यायची भीती वाटत होती.

परवा इथला यानी होता, वर्षातल्या सर्वांत लहान रात्रीचा सण. बायकांच्या डोक्यावर रानफुलं, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांची जाड कडी. शहाजिरं घातलेलं चीज खायचं आणि उजाडेपर्यंत शेकोटी विझू द्यायची नाही. सगळे गात होते. वेल्टा मात्र एकेका म्हातारीचा चेहरा न्याहाळत फिरत होती.

युद्धात ती पळाली तेव्हा तिची धाकटी बहीण झेंटा मागे राहिली. परदेशातून पत्र आलं तर बहिणीला सरकारचा त्रास होईल, म्हणून हिनं कधी लिहिलंच नाही. आता ती जिवंत आहे की नाही, कुणाला ठाऊक. १९ जुलैला इथल्या दफनभूमीचा सण असतो. लांब गेलेलेही त्या दिवशी आपल्या माणसांच्या थडग्यांशी येतात. तोवर मी राहते.

लोभ कमी करू नकोस.

तुझी, आई

•

स्टॅनमोर, ७ जुलै

ती. आईस,

सा. न. तुझं पत्र आत्ता मिळालं. आठवडाभर फोन उचलत नव्हतीस, म्हणून ऑफिसला सुट्टी टाकून नॉटिंगहॅमला गेले. तू फॉरेनला गेलीस हे मला दूधवाल्यानं सांगितलं. I was frantic, आई. तुला माझा काळजी नाही का?

आणि वेल्टामावशीला सांभाळ. झेंटा भेटली तरी ती खूश होईल असं धरून चालू नका. मी तिच्या जागी असते तर भयंकर चिडले असते.

ब्लडप्रेशरच्या गोळ्या घे. राग आहेच, प्रेमही आहे.

वैजू

•

लॅटव्हिया, २० जुलै

चि. सौ. वैजूस,

अ. आ. काळजी 'ती' असते गं, आणि मला ती आहे. चुकलेच मी.

काल दफनभूमीत गेलो. लोक फुलं लावत होते, थडग्यांभोवतीची वाळू दाताळ्यानं रेघा काढत सारखी करत होते. वेल्टाला आईवडिलांचा दगड सापडला. त्यावर तिसरं नाव होतं तिचंच: वेल्टा, १९२४ ते १९४४.

तेवढ्यात दाताळं घेऊन एक बाई आली. कोण तुम्ही, कुणाकडे आलात, असं तिनं विचारलं असावं. पुढचं मला वेल्टानं नंतर सांगितलं. वेल्टानं दगडाला हात लावला आणि म्हणाली, "ही मी आहे."

ती बाई झेंटाच होती. मिठी नाही, रडणं नाही. झेंटानं पाठ फिरवली आणि सगळी वाळू सारखी केली. मग म्हणाली, "दर जुलैला तुझ्यासाठी फुलं आणली मी." तू म्हणाली होतीस तशीच ती चिडली होती. वेल्टा मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी झेंटानं दाताळं तिच्या हातात दिलं, आणि दोघींच्या पावलांनी विस्कटलेल्या वाळूवर वेल्टानं पुन्हा रेघा काढल्या.

वेल्टा हिवाळाभर तिच्याकडे राहणार आहे. मी ८ ऑगस्टला, शनिवारी, एकटी परत येते, हीथ्रोला येशील?

आज सकाळी वेल्टा म्हणत होती, दगडावरचं नाव खोडून घेऊ या. झेंटानं साफ नकार दिला. म्हणाली, "नाव राहू दे. फक्त साल चुकलंय." मग दोघी इतक्या हसल्या की चहा सांडला.

भेटीअंती बोलूच. तोवर माया असू दे.

तुझी, आई