थोरली आणि ढकली

६ ऑक्टोबर, रविवार

थोरली धावली! सहा वर्षं शेडमध्ये हाडं पसरून पडलेली बाई आज उठली, शिट्टी मारली आणि पाच डबे घेऊन घाट चढून गेली.

थोरली म्हणजे इंजिन. वाफेचं. माझ्या सासूबाईंपेक्षा वयाने मोठं आणि तेवढंच मानी. डोंगरातली ही जुनी लाईन चालू ठेवायला एक हौशी मंडळ आहे, आणि माझा नवरा त्यातला अट्टल हौशी. आठवडाभर विमा कचेरीत लोकांच्या मरणाचे हप्ते लावतो, रविवारी हिचे पाय चेपतो. परीक्षा देऊन चालवायचा परवानासुद्धा काढला. शेडमधले सगळे तिला थोरली म्हणतात. म्हणजे घरातली मी धाकटी! हा विनोद मी इतक्यांदा केलाय की आता मलाच हसू येत नाही.

गाडीच्या मागे दुसरं इंजिन असतं. तेही भंगारातूनच उठवलेलं, पण काळं, बुटकं, पितळ नाही की पट्टा नाही. तिचं नाव ढकली. ती मागून रेटते. तिच्यावर माझा धाकटा भाऊ. तो मुळात कारखान्यातला फिटर, त्यामुळे त्याला हौस वगैरे काही नाही. काम म्हणजे काम.

मंडळाच्या अध्यक्षांनी फीत कापली. कात्री बोथट. फीत शेवटी हाताने तोडली.

दुपारी दोघं आमच्याकडेच जेवायला. दोघांचीही तोंडं काळी, फक्त दात तेवढे माणसांचे. जेवताना भाऊ म्हणाला, "भाऊजी, फोटो सगळे तुमचे निघाले. पण खरं सांगू का? धूर तुमचा, जोर माझा!"

गोष्ट खरी आहे. बॉयलर म्हातारा, म्हणून तपासनिसाने थोरलीला वाफेचा पुरता दाब घ्यायची परवानगीच दिलेली नाही. सपाटीवर ठणठणीत. चढावर मात्र सगळी मेहनत ढकलीची. शेडमध्ये सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. घरातल्यासारखंच.

नवराही हसला. जरा उशिरा हसला.

वाक्य मात्र चोरावं असं होतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

चोरलं. उद्या दुपारपर्यंत पेपरला गुरुवारच्या सदराचा लेख द्यायचा होता, विषय नव्हता, डोक्यात दुसरं काही येईना. लिहिताना एकटीच हसत होते. 'पुढे धूर, मागे जोर.' संस्था, संसार, सरकार, सगळं त्यात बसवलं. उदाहरण म्हणून थोरली.

नवऱ्याला आधी वाचून दाखवायला हवं होतं का? तो कचेरीत होता. (संध्याकाळी घरी होता.)

१० ऑक्टोबर, गुरुवार

छापून आलं. सकाळपासून फोन.

एरवी गुरुवारी फोन येतात ते शिव्या द्यायला. ज्याची टोपी त्याला बरोबर बसलेली असते. ते फोन नवरा घेतो. "त्या बाहेर गेल्यात" म्हणतो आणि समोरच्याचं सगळं ऐकून घेतो. "हो, सांगतो त्यांना. नाही, बरोबर आहे तुमचं." मला काही सांगत नाही. माझी झोप त्यावर चालते.

आज सगळे फोन कौतुकाचे. तेही त्यानेच घेतले. "हो, वाचलं. हो, मीच तो. पुढचा."

मग पेपराची नीट घडी केली, म्हणाला, "छान जमलंय."

प्रत्येक लेखाला हेच म्हणतो. आजच का टोचलं?

१३ ऑक्टोबर, रविवार

माझं बघायचं चुकलं असतं तर बरं झालं असतं. हौसेने स्टेशनवर गेले.

प्रवासी थोरलीपाशी थांबेनात. सगळे मागे, ढकलीपाशी. "जोर तो हा का?" भावाच्या खांद्यावर हात टाकून फोटो. एक टक्कल पडलेला गृहस्थ माझ्या नवऱ्याला म्हणाला, "काय धूरवाले, निघायचं का?" त्याच्या बायकोला हसू आवरेना. नवऱ्याने टोपीला हात लावला. म्हणाला, "बसा, निघतोच आहोत."

गाडी परत आल्यावर भावाने मला पाण्याच्या टाकीमागे गाठलं.

"ताई, जेवताना बोललेलं छापतात का गं?"

"तुझं नाव कुठे घातलं?"

"नाव घालायला गावात दुसरी ढकली आहे का? भाऊजी माझ्याशी बोलत नाहीत. आज पाणी भरताना शेजारी उभे होते, पण मी असून नसल्यासारखा."

"होईल सगळं ठीक."

"तुला काय! उचलली जीभ लावली टाळ्याला. इथे दर रविवारी तोंड आम्हाला बघायचंय एकमेकांचं."

दोघं चहाला वेगवेगळे गेले. इतकी वर्षं एका बशीत बिस्किटं बुडवणारी माणसं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सॉरी म्हटलं. "कशाबद्दल?" म्हणाला. खरंच विचारत होता की टोमणा होता, कळलं नाही. टोमणे हे माझं खातं. त्यात तो कधी आला नव्हता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नवऱ्याने आपणहून भावाला घरी बोलावलं. मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातून ऐकत राहिले. लेखकांना हे शोभतं.

"मेहुणे, उद्या तुम्ही रेटायचं नाही."

"म्हणजे?"

"मागे जोडून या. वाफ बंद. नुसतं बसा. वर मी नेतो."

"भाऊजी, दाब कमी आहे. पानं पडलीत रुळांवर, ओली. कशाला हट्ट?"

"एकदाच. तीन डबे घेऊन. मग परत तुम्ही आहातच."

मग भाऊ म्हणाला, "बरं. तुमच्यासाठी."

मी आत जाऊन नको म्हणायला हवं होतं. पण मलाही बघायचंच होतं की! आपल्या लेखाला कुणीतरी खोटं पाडावं, अशी माझी जन्मात पहिल्यांदा इच्छा झाली होती.

२० ऑक्टोबर, रविवार

चढली!! एकटी चढली!

मी पहिल्याच डब्यात, खिडकीशी. पहिला उतार गेला, झाडी लागली आणि चढ सुरू झाला. धापा ऐकवेनात. एखादा म्हातारा माणूस जिना चढताना आपण मागून मोजतो ना, तसं झालं. दुसऱ्या वळणानंतर चाकं जागच्या जागी फिरली, गाडी अडखळली. मग सावरली. हळूहळू, पण थांबली नाही.

मोठ्या वळणावर तो खिडकीतून पुरता वाकून मागे बघत होता. मी हात हलवला. त्याने नाही हलवला. कामात असणार.

वर पोचल्यावर मी रडले. लोकांना वाटलं धुराने. त्याच्या काळ्या हाताला हात लावला तर म्हणाला, "साडी बघ."

भाऊ मागच्या टोकाला खाली उतरून चाकं पुसत होता. भेटायला आला नाही. म्हटलं, रुसलाय.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

माफीचा लेख लिहिला. सवय नाही, तीनदा फाडला. माझी प्रत्येक ओळ शेवटी शेपटी उचलते आणि डंख मारते. ती शेपटी दाबून धरून लिहिणं म्हणजे... असो. चांगलं लिहिलंय. थोरली एकटी चढली हे लिहिलं. ती ज्याने उठवली तो सहा वर्षं कसा गप्प राबला, हे लिहिलं. मी हसले ते चूक, हेही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

छापून आलं. आज "छान जमलंय" म्हणाला नाही. दोनदा वाचलं. कात्री आणून कापून घेतलं. कचेरीत टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, असं त्याच्या शिपायाकडून कळलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली. या माणसाबद्दल मी छापील चांगलं वाक्य कधी लिहिलेलं नव्हतं. वाईट मात्र पुस्तकभर निघतील. त्याचं घोरणं, त्याची छत्री, दिवे बंद करत फिरणं. गावात लोक त्याला घोरण्यावरून ओळखतात आणि ते ऐकलेलं एकाही माणसाने नाही!

२८ ऑक्टोबर, सोमवार

मंडळाची सभा. अध्यक्षांनी माझा लेख वाचून दाखवला, तोही नको तिथे थांबून. मग निर्णय: थोरली एकटी समर्थ आहे, तर मागे दुसरं इंजिन कशाला? रविवारपासून ढकली बंद. कोळसा वाचेल. शिवाय डबे पुन्हा पाच, आणि लेखामुळे मागणी वाढली म्हणून सहावा.

टाळ्या. नवऱ्याने वाजवल्या नाहीत. विनय म्हणून, असं मी घरी येताना बरोबरच्या बाईंना सांगितलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊ आला. नवरा कचेरीत असतानाच आला. बूट काढले नाहीत, दारातच उभा.

"ताई, त्या दिवशी मी रेटलं."

मला आधी कळेचना.

"दोन वळणं हात आवरला. मग चाकं फिरली, गाडी थांबायला आली. तू पुढच्या डब्यात. वाटलं, मागे सरकली तर? हळूच वाफ उघडली. वरपर्यंत बंद केलीच नाही."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? ते वर उतरले तेव्हा तू रडत होतीस! आणि गुरुवारी तर तू छापूनच मोकळी झालीस. छापलेलं पुसतात का?"

सहा डबे. ओली पानं. मागे काही नाही. आणि सुट्टीचा दिवस, पोरंबाळं घेऊन आलेली माणसं.

"अध्यक्षांना सांग ना."

"सांगितलं. म्हणाले, ढकली बंद झाली म्हणून तुला पोटदुखी. ताई, आता भाऊजींनाच सांगायला हवं. तू सांग. माझ्या तोंडून ऐकलं तर पुन्हा कधी बोलायचे नाहीत."

पहिल्यांदा हसं केलं माझ्या शब्दांनी. मग जीव धोक्यात घातला, तोही माझ्याच शब्दांनी, चांगल्या! वाईट लिहीत होते तेव्हा निदान कुणी मरणार नव्हतं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दाढी करत होता तेव्हा सांगितलं. आरशाकडे बघत, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागू नये.

"माहीत आहे," म्हणाला.

गालावरचा फेस तसाच. "इंजिन खरंच ओढत असलं की मागची, डब्याला जोडणारी साखळी ताठ असते. मोठ्या वळणावर वाकून बघितली. लोंबत होती."

म्हणजे माझ्याकडे बघत नव्हता.

"मग बोलला का नाहीस?"

वस्तरा धुतला. पुसला. पुन्हा धुतला.

"तू एवढं चांगलं लिहिलंस. म्हटलं, राहू दे थोडे दिवस."

माझ्याकडे कशालाही उत्तर असतं. त्यावरच माझं घर चालतं. आज नुसता टॉवेल पुढे केला.

मग कधीतरी विचारलं, "रविवारी?"

"बघतो."

२ नोव्हेंबर, शनिवार

बघतो म्हणजे काय बघतो? विचारायची हिंमत झाली नाही. दिवसभर त्याने घरातले सगळे गळके नळ दुरुस्त केले.

३ नोव्हेंबर, रविवार

स्टेशन भरलेलं. सहा डबे भरलेले. अध्यक्ष हिरवं निशाण घेऊन, नवीन कोटात.

नवरा इंजिनावरून उतरला. हात पुसले. सगळ्यांसमोर, पण ओरडून नाही, म्हणाला, "साहेब, ही एकटी चढत नाही. त्या दिवशीही चढली नव्हती. मागून मेहुण्यांनी आणली."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, पण पेपरात आलंय!"

"पेपरातलं चुकीचं आहे. आधी आलं होतं ते बरोबर."

मी चार पावलांवर होते. माझ्याकडे बघितलं नाही.

ढकली शेडमध्ये थंडगार. थंड बॉयलर तापवायला दिवस जातो, घाई केली तर फुटतो. गाडी रद्द. तिकिटांचे पैसे परत. ओरड, शिव्या, "फसवणूक!" तो टक्कलवाला गृहस्थ पुन्हा आला होता. यावेळी हसला नाही, तेच वाईट वाटलं.

अध्यक्षांनी तिथल्या तिथे त्याला थोरलीवरून उतरवलं. मंडळाची बदनामी केली म्हणून. त्याने टोपी काढून पायरीवर ठेवली.

घरी चालत आलो. मी म्हटलं, "मी लिहिते. अध्यक्षाची सालटी काढते. सगळं खरं खरं लिहिते."

"नको," म्हणाला. "आता माझ्यावर लिहू नकोस."

७ नोव्हेंबर, गुरुवार

लेख गेला नाही. संपादकांनी तिथे पाककृती छापली. एकही तक्रार नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

भाऊ जेवायला आला. थोरलीवर आता तो असतो. ढकलीवर नवरा, स्वतः मागून घेतली म्हणे. मला दोघांनीही सांगितलं नव्हतं.

नवरा हात धुवायला गेला तेव्हा विचारलं, "कसा रेटतो रे?"

"काय सांगू, ताई. जाणवतच नाही. पुढच्याला वाटतं, आपणच चढतोय."