बागेतले बाबा

।। श्री ।।
हिंगणघाट, ता. ९-१-१९७४

ती. सौ. सुलोचनाताईस,
चंद्रभानचा शि. सा. न. वि. वि.

बेचाळीसच्या गोळीबारात गेलेल्या आपल्या बाबांचा पुतळा इथल्या बागेत बसणार, हे तुला ठाऊकच आहे. अडचण एकच, बाबांचा फोटो नाही. शेवटी त्यांचे थोरले भाऊ, आपले मोठेबाबा, मूर्तिकारासमोर बसले. दोघे भाऊ दिसायला सारखेच होते, असं सगळे म्हणतात. बाबा गेले तेव्हा मी आईच्या पोटात. त्यांचं तोंड पहिल्यांदाच पाहणार म्हणून शाळा सुटली की रोज तिकडे पळतो.

काल मातीची मूर्ती दाखवायला आईला नेलं. तिनं कपाळावर पदर ओढला आणि तोंड फिरवून बाजूला उभी राहिली. विचारलं तर चांगली आहे म्हणाली. मूर्तिकाराला वाटलं, बाईला भरून आलं. २१ तारखेला तो साचा घेणार, त्यानंतर काही बदलता येणार नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझ्या बोरकुटाची वाट पाहणारा,
चंद्रभान

आंजी (मोठी), ता. १४-१-१९७४

चि. चंद्रभानास ताईचे अनेक आशीर्वाद.

मास्तर झाला पण अक्कल नाई आली तुले. अरे, आई असा पदर कोणापुढे ओढते? मोठेबाबा ओसरीवर आले की! आपल्या घरात सून भासऱ्यापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, तोंड दाखवत नाई. लग्न होऊन आली तवापासून तिनं त्यांच्याकडे डोळे उचलून पाह्यलं नाई. त्या मूर्तीत तिले नवरा नाई, भासरा दिसला. त्यांचा मान राखाचा म्हणून बोलून नाई राह्यली.

मोठेबाबाले सांगून तिले पुन्हा नेजो. काही इचारू नको, माती तिच्या हाती देजो. घरच्या साऱ्या चुली तिनंच घातल्या आहेत. बोरकूट पाठवून राह्यली, एकटाच खाऊ नको.

तुझी काळजी करणारी,
ताई

हिंगणघाट, ता. २०-१-१९७४

ती. सौ. ताईस शि. सा. न.

मोठेबाबांना भीत भीतच सांगितलं. ते म्हणाले, इतकी वर्षं ती माझ्यापुढे बोलली नाही, आता तरी बोलू दे. काठी घेतली आणि मूर्तिकारालाही आपल्यासोबत बाहेर घेऊन गेले.

आई बराच वेळ नुसती उभी होती. मग पदर खोचून स्टुलावर चढली. अंगठ्यांनी गाल दाबले, नाक जरा बसवलं, डाव्या भुवईत नखानं रेघ ओढली. तिथं बाबांना बैलाचं शिंग लागलं होतं म्हणे. हनुवटीशी मात्र ती अडली. मागं वळली, मातीच्याच हातानं माझी हनुवटी धरली, चाचपली, आणि तशीच तिथं घडवली.

मूर्तिकार आत आला आणि हात जोडून उभा राहिला. एवढ्या वेळात आईच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. तिनं तो सावरला नाही. बाबांकडे पाहत राहिली.

ताई, पुतळा बसेल तेव्हा नक्की येजो.

बाबांच्याच हनुवटीचा,
तुझा चंद्रभान