अप्पांची गाडी सुरू होत नाही

६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आणि तू परत तेच! 'गाडी सुरू होत नाही' एवढंच. अगं, नुसतं दुखतंय म्हटलं तर डॉक्टर तरी औषध देतो का? ठिणगी येते का, पेट्रोल उतरतं का, मागच्या दोन्ही पत्रांत विचारलं. तू कळवतेस काय, तर शेजारणीचं मांजर व्यालं. मांजराचं छान झालं, पण गाडीचं काय?

आता नीट ऐक. प्लग काढ, त्याच्या टोपीत बसवून इंजिनाला टेकव आणि अप्पांना किक मारायला सांग. निळी ठिणगी दिसली तर कार्बोरेटर साफ करा. नाही दिसली तर टाकीखाली हात घाल. तिथं कॉइल आहे, तिची बारीक वायर सुटली असणार. मी इथं दिवसभर ट्रकांच्या वायरींत लोळतो, माझा अंदाज चुकायचा नाही.

एक मात्र कळत नाही. याच गाडीवरून जन्मभर लोकांचे वीजमीटर वाचत फिरलेला माणूस, नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. त्यांना हे मी पत्रातून शिकवायचं? रिटायर झाल्यावर पान्हाही खुंटीला टांगला की काय?

इथला मुकादम डोक्यात गेलाय. काम बदलीन म्हणतो. तू ओरडणार, माहीत आहे. लोभ आहेच, थोडा वाढला तर तक्रार नाही.

तुझा धाकटा

---

२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझा अंदाज चुकला नाही. चुकला असता तर बरं झालं असतं. ती वायर सुटली नव्हती, मी काढली होती.

अप्पा विसरायला लागलेत. रिटायर झालोय हेच विसरायचे, गाडी काढायचे आणि मीटर वाचायला लोकांच्या घरात शिरायचे. जुन्या आळीतले हसून चहा द्यायचे. नव्या वस्तीत एकानं गचांडी धरली. तेव्हा मी नाक्यावरच्या मेकॅनिककडून वायर काढायला शिकले. तुला कळवलं असतं तर हातातलं काम टाकून धावत आला असतास, आणि हे एक काम तरी तू टिकवावंस असं मला वाटत होतं. 'धाकट्याला विचार' म्हणून अप्पाच रोज माझ्यामागे लागायचे, म्हणून लिहीत होते.

तुझं पत्र नेहमीसारखं चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं. वायरीच्या ओळी गाळल्या. पण अप्पांना नंतर तुझं अक्षर बघत बसायची सवय, ती मीच विसरले. भांडी घासत होते आणि बाहेर गाडीचा आवाज आला. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही बरं वाटलं. ओल्या हातांनी धावले तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते.

संध्याकाळी कालव्याच्या पुलाशी सापडले. गाडी आडवी, मनगट मोडलेलं. उचलणाऱ्यांना घराचा पत्ता सांगता येईना, पण तुझं कौतुक मात्र सांगत होते, की पोरानं पत्रातून गाडी सुरू केली.

डॉक्टर म्हणाले, गाडी बंद म्हणजे बंद. मागे एकदा ती विकायला गिऱ्हाईक आणलं तर अप्पा हँडल धरून बसले, दोन दिवस जेवले नाहीत. मी परत वायर काढलीय, पण प्लास्टरच्या हातानं टाकीखाली चाचपत बसतात. माझं नाव चुकतं, ती जागा चुकत नाही. एक ना एक दिवस जोडतील. मी काय करू, तू सांग. यायची घाई करू नकोस. पण ये.

तुझी ताई

---

८ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्यावर चिडून पानभर लिहिलं होतं, फाडून टाकलं. घरात राहून तू एकटी सोसत होतीस आणि मी मांजरावरून टोमणे मारत होतो.

मेकॅनिकला सांग, इंजिनाचं डावं झाकण खोलून आतली, वीज तयार करणारी कॉइल काढून घे. झाकण लावलं की बाहेरून काही कळत नाही, आणि आत पोचायचं हत्यार अप्पांकडे नाही. टाकीखालची वायर मात्र परत जोडून ठेव. त्यांनी हात घातला तर ती जागेवर सापडू दे. गाड्या चालू करायचा पगार घेतो मी. हे उलटं पहिल्यांदाच सांगतोय.

सुट्टी मागितलीय. मुकादम बघू म्हणाला, मी भांडलो नाही. खालचं पत्र अप्पांना मोठ्यानं वाच. यातलं काही गाळू नकोस आणि नंतर खुशाल त्यांच्या हातात दे. वरचं पान तेवढं आधी चुलीत घाल.

धाकटा

---

८ मार्च

ती. अप्पांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही वायर बरोबर जोडलीत, त्यात खोट नाही. गाडी पडली तेव्हा दुखणं आत गेलं. तो पार्ट आता सहज मिळत नाही. मी इथं शोधतोय, येताना घेऊन येईन. तोवर किक मारून गुडघा दुखवू नका. प्लास्टर निघालं की प्लग पुसत जा, साखळीला तेल द्या. तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा बसायचा नाही तिच्यावर.

मीटर वाचायला जायचं असलं तर ताईला बरोबर घ्या आणि रिक्षानं जा. जुन्या आळीतली चार घरं वाचा, चहा घ्या, परत या. बाकीची मी आलो की दोघं मिळून करू. रिक्षासाठी म्हणून वेगळे आठशे पाठवतोय.

तुमचा धाकटा