अर्थिंगला दोन हात रंग

आदरणीय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. ('आदरणीय' हे वयापुरते, आपण माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठे आहात.) गुडघा कसा आहे? मागील भेटीत आपण उजवा दुखतो असे सांगत होतात आणि हात डाव्यावर ठेवला होता. तेव्हा दोन्हींची विचारपूस स्वीकारावी. आमच्याकडे सर्व ठीक. सासूबाईंच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे परवा, शुक्रवारी सकाळी नऊला आहे. त्यांना माझ्याच गाडीतून नेण्याचे मी गेल्या महिन्यात सर्वांसमक्ष जाहीर केले होते. त्या वेळी आपण खोकला होतात, हे माझ्या लक्षात आहे.

आता त्या गाडीविषयी. अलीकडे वायपर लावले की तिचे दिवे मिणमिणत, आणि सकाळी सुरू होताना ती अशी कण्हत असे की शेजारचे वकील काळजीने गॅलरीत येत. कोपऱ्यावरच्या वायरमनने बॉनेटखाली जेमतेम अर्धे डोके घालून सांगितले, "प्रोफेसर, टोकं घासा, नट आवळा, पळेल गाडी." निदानाची ही पद्धत मला मान्य नाही. मी मीटर लावला. अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे यंत्र, सव्वाचौदा व्होल्ट देत होता आणि बॅटरीपाशी पोहोचत होते तेरा. सव्वा व्होल्ट वाटेतच गडप! कारखान्याने बसवलेली तार माझ्या करंगळीच्या निम्मीही नव्हती. तेथील अभियंत्यांना मी दोष देत नाही. त्यांना घाई असते.

मी जुन्या तारा काढून टाकल्या आणि तीन जाड तारा आणल्या. लाल तार अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत. उरलेल्या दोन काळ्या, अर्थिंगच्या: एक बॅटरीतून गाडीच्या पत्र्याला, दुसरी इंजिनातून पत्र्याला, कारण वीज जाते तशी तिला परतायलाही वाट लागते (हे आपणांस ठाऊक असेल असे गृहीत धरण्याचे धाडस मी करत नाही). टोकांना तांब्याची थिंबले, म्हणजे बोल्टात अडकवायची कडी, दाबून बसवली, फ्यूज घातला, प्रत्येक तारेवर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लावली. यात तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी हिने जेवणाच्या टेबलावरून विचारले, "ऑपरेशन नक्की कुणाचं आहे, आईचं की गाडीचं?" मी तिला फ्यूजचे महत्त्व समजावून सांगितले.

काळ्या तारा जिथे पत्र्याला लागतात, तेथील गंज मात्र मला पाहवेना. गंजावर नवी तार आवळणे म्हणजे मळक्या अंगावर इस्त्रीचा सदरा. मी दोन्ही जागा घासून लख्ख केल्या, आणि त्या पुन्हा गंजू नयेत म्हणून प्राइमर देऊन वर दोन हात रंग दिला. बोल्टही आट्यांसह रंगवले. चोवीस तास वाळू दिले. मग सर्व आवळले.

आज सकाळी रंगीत तालीम ठेवली. सासूबाईंना पिशवीसह मागच्या सीटवर बसवले आणि चावी फिरवली. 'टक्' असा एक आवाज आला. दुसरा आला नाही. नेमका त्याच वेळी वायरमन समोरून जात होता. आत वाकून तो बराच वेळ पाहत राहिला. "वा! काम एक नंबर," तो म्हणाला. "पण प्रोफेसर, रंगातून करंट जातो होय?"

"जात नाही वाटतं," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या.

तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना विद्युतवाहक आणि विद्युतरोधक यांतील भेद शिकवला. रंग दुसऱ्या गटात मोडतो. लावताना तो मला कोणत्याच गटातला वाटला नव्हता. तो फक्त सुरेख दिसत होता.

वायरमन म्हणाला, "आणा पॉलिश पेपर, दोन मिनिटांत खरवडून देतो." मी नकार दिला. खरवडलेल्या जागेवर कलई केलेला दातेरी वॉशर आणि वरून ग्रीस हवेच. एरवी ते काम नव्हे, कामाचा देखावा. वॉशर मागवले आहेत. ते सोमवारी येतील. तात्पर्य, गाडी तत्त्वतः निर्दोष आहे.

आपला (नात्याने),
साडू

ता. क. सोमवार शुक्रवारनंतर येतो. तरी परवा सकाळी आठला आपण आपली गाडी घेऊन याल का? सहज डोकावल्यासारखे आलात, तर मला आग्रहाला बळी पडता येईल. फोनवर अशा विषयाचे मुद्दे सांडतात, म्हणून हिच्याबरोबर हे पत्र पाठवत आहे.

दुसरा ता. क. वरील विनंती रद्द समजावी. हिच्या हाती पाकीट देताना कळले की सासूबाईंनी आपल्याला केव्हाच फोन करून ठेवला आहे. कधी, असे मी विचारले. "तुम्ही जाहीर केलंत ना, त्याच संध्याकाळी," त्या म्हणाल्या. मग त्याच पुढे म्हणाल्या, "गाडी काय, कुणीही चालवेल. आत डॉक्टरांपाशी तुम्ही हवेत. तिथे थातुरमातुर काम नको मला." तरी मागची सीट आम्हा दोघांसाठी मोकळी ठेवावी.

तिसरा ता. क. आपल्या गाडीचे अर्थिंग मी कधी पाहिलेले नाही. आठऐवजी सातला आलात, तर तासाभरात नजर टाकता येईल. (हे वाक्य सासूबाईंनी उजव्या डोळ्याने वाचले असून, आठलाच यावे व इंजिन बंद करू नये, असा त्यांचा निरोप आहे.)