आबांचे तीन शब्द

उधना, रविवार, १२ जानेवारी १९९७

आज मी खोटं वागले, तेही वडिलांच्या तब्येतीच्या बाबतीत.

पलीकडच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांची तपासणी होती, उद्याही आहे. आबा तीस वर्षं कापड विणायच्या लूमवर उभे राहिलेले. हात न टेकता पाच वेळा खुर्चीवरून उठले, सहज. मग डॉक्टरबाईंनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: आम, चाबी, नदी. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काका, अब वो तीन शब्द बोलो."

मी बाईंच्या मागे उभी होते. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझे ओठ हलले, आवाज न करता. लूमच्या खडखडाटात सगळे असंच बोलतात, आबांना ओठ वाचायची सवयच आहे. त्यांनी तिन्ही शब्द सांगितले. बाईंनी कागदावर लिहिलं, स्मरण चांगलं.

का केलं मी असं? लाज वाटली, की भीती? मागच्या आठवड्यात आबा आमच्याच गल्लीत उभं राहून आमचंच घर विचारत होते. तेच सांगायला तर मी त्यांना घेऊन गेले होते ना? मग ओठ का हलले?

घरी येताना मी म्हटलं, "पास झालात, आबा."

ते रस्त्यातच थांबले. "माले एकबी शब्द याद नव्हता. तू काब सांगं?"

मी का सांगितलं, हेच ते विचारत होते. माझे डोळे भरून आले.

"सकाय परत लई चाल माले," ते म्हणाले. उद्या पुन्हा तपासणीला न्यायला सांगत होते. "आनि तू बाहेर बठ."