महिरपी कंसातलं नाव

जुन्नर,
३ फेब्रुवारी

प्रिय झेबास,
सलाम. वि. वि. फोनवर दोघींना रडू येतं, म्हणून लिहितेय. अब्बांना जाऊन चाळीस दिवस होतील, त्या चाळिसाव्याच्या बोलावण्याच्या पत्रांची तू पाठवलेली फाईल छापली, सव्वाशे पत्रं निघाली. मी इतकी दमले होते, की न वाचताच पाकिटं भरून पोस्टात टाकली. काल एक उरलेलं पाहिलं, तर नावाच्या जागी महिरपी कंसात नुसतं ‘नाव’! बाकीच्यांचं सोड. पण नवाबचाचा? माझ्या लग्नपत्रिकेत त्यांचं नाव छापायचं राहिलं, तेव्हापासून अकरा वर्षं अब्बांशी अबोला. चाळिसाव्याला तरी त्यांनी यावं, एवढंच अब्बा शेवटी सांगून गेले. आणि पुन्हा तेच घडलं. अम्मी जेवत नाही.
तुझी,
जास्मिन आपा

पुणे,
५ फेब्रुवारी

प्रिय आपा,
सलाम. चूक माझीच. मी पत्रांसाठी छोटा प्रोग्राम लिहिला होता; त्यात वाक्याच्या अवतरणचिन्हाआधी एफ हे अक्षर लावायचं असतं. ते लावलं की संगणक कंसाला मोकळी जागा समजतो आणि यादीतलं एकेक नाव तिथं बसवतो. नाही लावलं, की कंसासकट जसंच्या तसं छापतो. क्लासच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पोरगी कॉम्प्युटर शिकतेय म्हणून अब्बा कळंबपर्यंत सांगत सुटायचे. आता क्लासला जावंसंच वाटत नाही. चाचांना सगळं हातानं लिहून माफी मागितली आहे. तू तरी दोन घास खा.
तुझी थकलेली,
झेबा

निमगाव सावा,
११ फेब्रुवारी

चि. झेबास,
चाचाचे अनेक आशीर्वाद. पोरी, खरं सांगतो. ते छापील पत्र उघडलं तेव्हा वाटलं, भाऊ मेल्यावरही माझं नाव घ्यायला तयार नाही. फडताळात फेकून दिलं. मग शेजारचा रामदास आपलं पत्र घेऊन आला आणि म्हणाला, की राव, नाव तर कुणाचंच नाही. पाठोपाठ तुझं पत्र आलं.
काल ते पुन्हा काढलं. कंसातला शब्द खोडून माझं नाव लिहिलं. लिहिताना ध्यानात आलं, की पत्रिकेत चुकून राहिलं ते एकदाच. मी मात्र अकरा वर्षं मुद्दाम भावाचं नाव घेतलं नाही. मग त्याच कंसात, माझ्या शेजारी, ‘नौशाद’ लिहिलं. जागा पुरली.
वीस तारखेला, चाळिसाव्याला, ते पत्र घेऊन येतो. अम्मीला जेवायला सांग. क्लास सोडू नकोस.
या म्हाताऱ्यावर माया असू द्यावी.
तुझा,
नवाबचाचा