एकही उणे नसलेले बीम

निपाणी, सोमवार

ति. लक्ष्मीआक्कास,

धाकट्या सत्याप्पाचा मनापासून जयभीम. अनगोळात तुझे गुडघे काय म्हणतात? इथं माझा खोकला माझ्याआधी उठतो, बाकी मी खुशाल.

पत्रास कारण, तुझी इंजिनीअर नात मैत्री. मी पडवी पाडून स्लॅबची खोली बांधतोय, भाड्यानं द्यायला. कोयनेच्या भूकंपाला आईनं आपल्याला ओढत अंगणात आणलं आणि तू माझी टोपी आणायला परत आत गेलीस (टोपी मिळाली, मार दोघांना मिळाला), तेव्हापासून तुला कौलांखालीच झोप लागते. माझ्या स्लॅबच्या घरी आलीस की संध्याकाळच्या गाडीनं परत. म्हणून मैत्रीला म्हटलं, बाई, भूकंप धरूनच हिशेब कर. तिनं संगणकात अख्खं घर हलवून बघितलं आणि कागद पाठवले. प्रत्येक बीमवर किती जोर येतो ते सगळं त्यात, आणि सगळेच आकडे अधिक! मी रात्रशाळेचा माणूस. उणे नाही म्हणजे पास, एवढं कळतं. गल्लीत पेढे वाटले. नागोजी गवंड्याला ऐटीत सांगितलं, बीम एकाच बाजूला वाकतोय, दुसऱ्या बाजूच्या सळ्या कमी कर.

शनिवारी मैत्री आली. सळ्या बघितल्या आणि (हुबेहूब तुझ्यासारखा) नसलेला पदर खोचला. "आज्जा, भूकंप काय एकाच बाजूला ढकलून घरी जातोय व्हय? संगणक एकेका हेलकाव्याच्या जोराचा वर्ग करतोय, बेरीज करून वर्गमूळ काढतोय. उणे उरणार कुठनं? आकडा अधिकही धरायचा, उणेही. आणि सगळे आकडे एका क्षणाचे न्हाईत!"

मी म्हटलं, म्हणजे माझ्या सुगतच्या लग्नात कोण जास्तीत जास्त किती रुसलं ते लिहिलं, पण कुणावर आणि कधी, ते लिहिलंच नाही. "अगदी तस्सं!" म्हणाली. (त्यात तुझा आकडा सगळ्यांत मोठा.)

मग सळ्या पुऱ्या बसेपर्यंत पोरगी वाळूच्या ढिगावरनं उठली नाही. आक्का, वखारीत मुकादमानं माझी तंबाखूची पाटी उलथली होती, तेव्हा तो ती परत भरून देईपर्यंत तूही अशीच बसली होतीस. मी तिला चहा दिला आणि उगाच नळाकडं जाऊन तोंड धुतलं.

येत्या रविवारी स्लॅब.

तुझा,
सत्याप्पा

ता. क. भाडेकरू कुणी नाही. खोली तुझी आहे. मैत्रीला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणून तर एवढी भांडली.

आणखी ता. क. नको म्हणणार असशील तर पत्रानं कळवू नकोस. इथं ये, त्या खोलीत आठ दिवस राहा आणि मग सांग.